स्थापना कोणाची? अलीगढच्या दाव्यात न्यायाधीश, राज्यकर्ते आणि लोक

वाचकहो, आपल्या संस्थेची शाळा कोणी स्थापन केली, असे आपणांस कोणी विचारले तर आपण काय सांगाल? कोणी मरहूम अध्यक्षांचे नाव घेईल. ज्यांनी जागा दिली त्यांची कोणी आठवण काढील. कोणी म्हणेल, मोहल्ल्यातील माणसांनी रमजानात दारोदार हिंडून चंदा जमविला आणि पहिल्या दोन खोल्यांवर पत्रे चढविले, तेव्हा शाळा त्यांची. सरकारी कचेरीत मात्र उत्तर निराळे मिळेल. तेथे संस्थेचा नोंदणी क्रमांक आहे, धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र आहे, शिक्षण खात्याचा मान्यतेचा हुकूम आहे, अनुदान सुरू झाल्याची तारीख आहे. हे कागद नसते तर आपल्या शाळेच्या दाखल्याला कोणी विचारले नसते. मग शाळा स्थापन झाली ती चंदा जमला त्या दिवशी, की मान्यतेचा हुकूम निघाला त्या दिवशी?

प्रश्न पोरकट वाटेल. परंतु याच प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली एक उत्तर दिले, संसदेने १९८१ साली त्याच्या उलट दिले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २००५ साली संसदेचे उत्तर खोडून काढले, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९६७ चा स्वतःचाच निकाल बाजूला सारला. सत्तावन्न वर्षे! वाद होता अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा. पण त्यात जो मुद्दा अडकला होता तो देशातील प्रत्येक अल्पसंख्याक संस्थेच्या मुळाशी जाणारा होता. आणि न्यायाधीश, राज्यकर्ते व सामान्य लोक यांच्यात अखेरचा शब्द कोणाचा, याचा जितका बोध या एका दाव्यातून होतो तितका नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतून क्वचितच होईल.

राज्यघटनेचे तिसावे कलम आपल्यासारख्या संस्थांचा आधार आहे. धर्म किंवा भाषा यांवर आधारलेल्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि त्यांचा कारभार चालविण्याचा हक्क राहील, असा त्याचा आशय. 'स्थापन करणे' आणि 'चालविणे', या दोन क्रियापदांच्या मध्ये जो 'आणि' आहे, त्या एवढ्याशा शब्दावर पुढे मोठमोठ्या वकिलांनी तासन् तास खर्च केले. जी संस्था तुम्ही स्थापन केली तीच चालविण्याचा हक्क तुम्हाला आहे. स्थापना तुमची नसेल तर कारभारावर हक्क सांगता येणार नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणून स्थापना कोणाची हे ठरणे जीवनमरणाचे झाले.

आता अलीगढची हकीकत. सर सय्यद अहमदखान यांनी २४ मे १८७५ रोजी अलीगढ येथे मदरसा सुरू केला. ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. (आमच्या मुंबईतील अंजुमन-ए-इस्लाम त्याच्या एक वर्ष आधीची, १८७४ ची. तय्यबजी बंधू आणि कोकणी समाजातील नाखुदा महंमदअली रोगे यांनी ती उभी केली. अलीगढचे नाव घेताना ही गोष्ट विसरू नये.) कॉलेजसाठी सर सय्यद यांनी काय काय केले नाही? संस्थानिकांच्या दारी गेले, लॉटरी काढली, पुस्तके विकली, उतारवयात रंगमंचावरसुद्धा उभे राहिले. देणगीदारांची नावे इमारतींच्या भिंतींवर कोरण्याची पद्धत त्यांनी घातली. त्या नावांत मुसलमान बहुसंख्य, परंतु हिंदू राजे आणि इंग्रज अधिकारीही आहेत. पतियाळाच्या महाराजांची देणगी प्रसिद्धच आहे.

कॉलेजला स्वतःची पदवी देता येत नव्हती. आधी ते कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेले होते. सर सय्यद १८९८ साली पैगंबरवासी झाले, तेव्हापासून स्वतंत्र विद्यापीठाची मागणी जोर धरू लागली. १९११ साली आगाखानांच्या पुढाकाराने मोठी मोहीम निघाली. मौलाना शौकतअली त्यांच्याबरोबर गावोगाव फिरले. सरकारची अट अशी की तीस लाख रुपयांची गंगाजळी दाखवा, मग बोला. त्या काळचे तीस लाख! ते जमविताना नबाबांच्या लाखांबरोबर गरिबांचे रुपये-आणेही आले. यानंतरही सरकारने आपल्या अटी सोडल्या नाहीत. देशभरची मुसलमानांची कॉलेजे या विद्यापीठाला जोडता यावीत अशी समाजाची इच्छा होती. सरकारने ती साफ नाकारली. बराच काळ रुसवेफुगवे झाले आणि अखेर १९२० साली मध्यवर्ती कायदेमंडळाने अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा कायदा केला. १ डिसेंबर १९२० पासून तो अमलात आला. जुने कॉलेज आणि मुस्लिम युनिव्हर्सिटी असोसिएशन या संस्था विसर्जित होऊन त्यांची व फाउंडेशन कमिटीची मालमत्ता विद्यापीठाकडे गेली. तीस लाखांच्या राखीव निधीचे कलमही कायद्यात आले. विद्यापीठाचे दार सर्व जातिधर्मांच्या स्त्रीपुरुषांना मोकळे राहील असेही त्यात लिहिले होते, आणि पहिल्या कुलपती झाल्या त्या भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ. एक स्त्री! १९२० साली!

त्या कायद्याच्या मथळ्यात विद्यापीठ 'स्थापन व संस्थापित' करण्यासाठी हा कायदा आहे अशा अर्थाचे शब्द होते. सरकारी मसुदा लिहिणाऱ्याने ते शिरस्त्याप्रमाणे लिहिले असतील. सत्तेचाळीस वर्षांनी त्यांनी सगळ्या समाजाचा घास अडविला.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. मुसलमान विद्यार्थ्यांना धर्मशिक्षण सक्तीचे होते ते गेले. विद्यापीठाच्या 'कोर्टा'त फक्त मुसलमान सभासद असत, ती अटही गेली. येथे एक खुलासा. 'कोर्ट' म्हणजे न्यायालय नव्हे. ती विद्यापीठाची सर्वश्रेष्ठ कारभारी सभा. नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या उमेदीत या दुरुस्त्या पचून गेल्या. त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले ते पंधरा-सोळा वर्षांनी, पुढचा तडाखा बसल्यावर.

तो तडाखा १९६५ चा. कुलगुरू नवाब अली यावर जंग यांनी विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या प्रवेशाचे प्रमाण ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणले. त्यावरून २५ एप्रिल १९६५ रोजी कोर्टाच्या बैठकीच्या वेळी जमावाने कुलगुरूंवर हल्ला केला आणि ते जबर जखमी झाले. (हेच अली यावर जंग पुढे १९७१ ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल होते; वांद्र्याची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.) या प्रकाराचे समर्थन करणारे लोक आजही भेटतात. मला ते मान्य नाही. ज्यांना संस्था आपली वाटत होती त्यांनीच आपल्या कुलगुरूंवर हात टाकला आणि सरकारच्या हाती आयते निमित्त दिले. महिना उलटायच्या आत, २० मे १९६५ रोजी, वटहुकूम निघाला. पुढे त्याचा कायदा झाला. विद्यापीठाचे कोर्ट नुसते सल्लागार मंडळ बनले. नेमणुकांची सूत्रे दिल्लीकडे गेली.

हा वटहुकूम ज्यांच्या कारकिर्दीत निघाला ते शिक्षणमंत्री म्हणजे आपल्या मुंबईचे महंमद करीम छागला. छागलासाहेबांचे चरित्र या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. म्हणून जरा मागे, १९५४ सालात जाऊ.

नाशिकजवळ देवळालीला बार्न्स स्कूल नावाची शाळा आहे. बॉम्बे एज्युकेशन सोसायटी ही अँग्लो-इंडियन समाजाची संस्था ती चालवीत होती आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई राज्य सरकारने फर्मान काढले की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियेतर वंशाच्या मुलांशिवाय इतर मुलांना त्या वर्गांत घेऊ नये. हेतू देशी भाषांना उत्तेजन देण्याचा होता, आणि तो हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण संस्थेने दाद मागितली. ज्याच्या घरची भाषा इंग्रजी होती असा एक ख्रिस्ती लष्करी अधिकारी आणि आपल्या मुलाला त्या शाळेत घालू पाहणारा एक गुजराती डॉक्टर, असे दोन पालकही न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती दीक्षित यांनी १५ फेब्रुवारी १९५४ रोजी सरकारचा हुकूम रद्द ठरविला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई, म्हणजे सहजी मागे हटणारे गृहस्थ नव्हेत; पण हुकूम गेला तो गेला.

आता तेच छागला १९६५ मध्ये मंत्री म्हणून संसदेत उभे होते आणि अलीगढ विद्यापीठ ना मुसलमानांनी स्थापन केलेले, ना त्यांनी चालविलेले, असे ठामपणे सांगत होते. त्यांना संधिसाधू म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. छागलांचे मत आयुष्यभर एकच होते. विद्यापीठ राष्ट्राचे असावे, त्याला जातीचा किंवा धर्माचा रंग नसावा, असे ते प्रामाणिकपणे मानत. परंतु १९५४ मध्ये खुर्ची न्यायाधीशाची होती, तेव्हा त्यांच्यासमोर एक शाळा, दोन पालक आणि घटनेची कलमे होती. १९६५ मध्ये खुर्ची मंत्र्याची होती आणि समोर सारा देश, वर्तमानपत्रे, लोकसभेतले प्रश्न. खुर्चीचा हा गुण आहे. माणूस चांगला असला म्हणजे भागते, असे समजणाऱ्यांनी छागलांची ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

१९५१ आणि १९६५ च्या दुरुस्त्यांविरुद्ध अझीझ बाशा व इतर काही नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. खुद्द विद्यापीठ या दाव्यात पक्षकार नव्हते. त्याची बाजू मांडण्याची संधीच नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवा. २० ऑक्टोबर १९६७ रोजी सरन्यायाधीश वांछू, न्यायमूर्ती बछावत, रामस्वामी, मित्तर आणि हेगडे यांनी एकमताने निकाल दिला. कॉलेज मुसलमानांनी काढले हे न्यायालयाने मान्य केले. विद्यापीठ मात्र त्यांनी काढले नाही! कारण असे की सरकार मान्य करील अशी पदवी देणारे विद्यापीठ कायद्यावाचून उभे राहू शकत नव्हते; कायदा केला कायदेमंडळाने; म्हणून विद्यापीठाची स्थापना सरकारची. आणि स्थापना मुसलमानांची नाही, तेव्हा कारभाराच्या हक्काची गोष्टच उरत नाही.

वाचकहो, या युक्तिवादाची मेख पाहा. त्याआधी नऊ वर्षे, १९५८ मध्ये, केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की मान्यता आणि अनुदान यांच्या बदल्यात अल्पसंख्याकांनी आपला हक्क सोडावा अशी अट सरकारला घालता येणार नाही, कारण मान्यतेवाचून आजच्या काळात शाळा चालणे अशक्य. म्हणजे १९५८ मध्ये मान्यता ही गरज होती, म्हणून तिच्यासाठी हक्क विकायला लावू नका असे ठरले. १९६७ मध्ये तीच गरज हक्क नसल्याचा पुरावा ठरली. तीस लाख जमविणारे, जमिनी देणारे, पंचेचाळीस वर्षे कॉलेज चालविणारे हे स्थापक नव्हेत. कायद्याच्या मसुद्यावर सही करणारा स्थापक. मुंबईचे थोर घटनापंडित एच. एम. सिरवई यांनी आपल्या ग्रंथात या निकालावर अतिशय कडक टीका केली आणि तो चुकीचा असून फिरविला गेला पाहिजे असे लिहिले. सिरवई पारशी होते; या वादात त्यांचा कोणताही जातीय हितसंबंध नव्हता.

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्याच १९६७ च्या फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला होता. मूलभूत हक्कांना संसदेने हात लावू नये, असे अकरापैकी सहा न्यायाधीशांनी ठरविले. वांछू, बछावत, रामस्वामी आणि मित्तर हे चौघे तेथे अल्पमतात होते. संसदेला तो अधिकार आहे असे त्यांचे मत होते. आठ महिन्यांनी अलीगढचा निकाल देणाऱ्या पाचांत हेच चौघे बसले होते. यातून काही कट सुचवायचा नाही. न्यायाधीश प्रत्येक खटला त्याच्या त्याच्या कागदांवर चालवितात, असेच मानले पाहिजे. पण न्यायाधीशांनाही आपापला कल असतो, आणि कोणत्या दिवशी कोणते पाच बसतात यावर पुष्कळ अवलंबून असते, हे कळण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही.

न्यायालयाचा दरवाजा बंद झाला तेव्हा लोक रस्त्यावर आले. सभा झाल्या, ठराव झाले, निषेध दिन पाळले गेले. १९७२ साली सरकारने आणखी एक दुरुस्ती केली. त्या वेळचे शिक्षणमंत्री प्रा. नुरूल हसन हे स्वतः अलीगढचे इतिहासाचे प्राध्यापक. पण तेही अल्पसंख्याक दर्जाच्या विरोधात होते. मुसलमान म्हणजे एका तोंडाने बोलणारा समाज, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी छागला आणि नुरूल हसन यांच्याकडे बघावे. १९७२ च्या कायद्याने आग विझण्याऐवजी भडकली. पुढे आणीबाणी आली आणि सगळ्याच सभा बंद झाल्या.

आणीबाणीची आठवण येथे निघणे अपरिहार्य आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की आणीबाणीत बेकायदा अटक झालेल्याला न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही. त्या चौघांत आपल्या महाराष्ट्राचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात उभे राहिलेल्या न्या. हंसराज खन्ना यांची सरन्यायाधीशपदाची पाळी पुढे डावलली गेली. तो निकाल कोणी दुरुस्त केला? आधी मतदारांनी, १९७७ साली. मग संसदेने, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. जीविताचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येणार नाही असे तिने लिहून ठेवले. न्यायालयाने स्वतः तो निकाल उघडपणे रद्दबातल म्हटला तो २०१७ साली, आणि ते लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. मतदारांना एक वर्ष लागले, संसदेला दोन, न्यायालयाला एक्केचाळीस.

अलीगढच्या बाबतीतही तसेच घडले. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने विद्यापीठाचे अल्पसंख्याक स्वरूप मान्य करण्याचे आश्वासन दिले. मते हवी होती, हे उघड आहे. पण मतांसाठी न्याय्य गोष्ट झाली तर ती कमी न्याय्य होत नाही. १९८१ च्या अखेरीस संसदेने कायदा दुरुस्त केला. मथळ्यातले 'स्थापन' हे शब्द वगळले. विद्यापीठ म्हणजे भारतातील मुसलमानांनी स्थापन केलेली, कॉलेजातून उगम पावलेली आणि मागाहून कायद्याने संस्थापित झालेली शिक्षणसंस्था, अशी व्याख्या घातली. मुसलमानांच्या शैक्षणिक व सांस्कृतिक उन्नतीसाठी विशेष झटण्याचे काम तिच्याकडे सोपविले. कोर्टाचे वर्चस्वही परत आले. त्याच सुमारास, २६ नोव्हेंबर १९८१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एका वेगळ्या खटल्यात १९६७ च्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न किमान सात न्यायाधीशांपुढे ठेवावा असे सुचविले. समाजाने पेढे वाटले. प्रश्न मिटला असे सर्वांना वाटले.

पण व्याख्या बदलल्याने इतिहास बदलतो का? येथे एक कायद्याची बाब समजून घेतली पाहिजे. न्यायालयाचा निकाल चूक आहे, एवढे म्हणून संसदेला तो फिरविता येत नाही. निकाल ज्या कायद्याच्या पायावर उभा आहे तो पाया संसद बदलू शकते. मग निकाल आपोआप निराधार होतो. १९८१ ची दुरुस्ती पाया बदलणारी की निकालच फिरविणारी? २००५ साली विद्यापीठाने वैद्यकीय पदव्युत्तर वर्गांतील ५० टक्के जागा मुसलमानांसाठी राखल्या, तेव्हा हा प्रश्न अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला. त्या न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या आणि १९८१ च्या दुरुस्तीतील मुख्य भागही खोडला. स्थापना ही १९२० मध्ये घडून गेलेली घटना. संसद ती १९८१ मध्ये नव्याने घडवू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. जानेवारी २००६ मध्ये खंडपीठानेही तोच निर्णय दिला. विद्यापीठ आणि त्या वेळचे केंद्र सरकार दोघेही सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले.

मग सरकार बदलले. २०१६ साली केंद्राने आपली भूमिका फिरविली आणि अपील मागे घेण्याचे ठरविले. संसदेने केलेला कायदा संसदेच्या पुस्तकात होता तसाच होता; पण त्याचा बचाव करायला सरकार तयार नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये सुनावणी चालू असताना सरकारी वकिलांनी १९८१ ची दुरुस्ती आपल्याला मान्य नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा संसदेने केलेली दुरुस्ती केंद्र सरकार कशी नाकारू शकते, असा प्रश्न सरन्यायाधीशांनी केला. मतांनी मिळालेली गोष्ट मतांनी जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. १९८१ च्या पेढ्यांची चव ज्यांना आठवत असेल त्यांनी हेही आठवावे.

दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. अलीगढ हे केंद्रीय विद्यापीठ. त्याचा खर्च भारत सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे सर्व करदात्यांच्या पैशातून चालतो. या दाव्याच्या काळात तेथे अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण लागू नव्हते, आणि २००५ च्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने अल्पसंख्याक संस्थांना तशा आरक्षणातून वगळले आहे. तेव्हा एखाद्या दलित विद्यार्थ्याने, किंवा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या आपल्याच विणकर-बागवानाच्या मुलाने विचारले की या दर्जामुळे माझी जागा गेली त्याचे काय, तर त्याला उडवून लावता येणार नाही. हक्क मागणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या कारभारातून दिले पाहिजे. परंतु हा प्रश्न, कितीही रास्त असला तरी, स्थापना कोणी केली या प्रश्नाचे उत्तर नव्हे. दोन्हींची गल्लत दोन्ही बाजूंनी झाली आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कारकिर्दीतील कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, सात न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. चार विरुद्ध तीन. चंद्रचूड, संजीव खन्ना, पारडीवाला आणि मनोज मिश्रा एका बाजूला. सूर्यकांत, दीपंकर दत्त आणि सतीशचंद्र शर्मा यांची मते निराळी. दोन न्यायाधीशांनी पाच न्यायाधीशांचा निकाल परस्पर सातांकडे पाठवावा हीच रीत चुकीची होती, असा आक्षेप विरोधी मतांत आहे, आणि तो क्षुल्लक नाही. न्यायालयाने स्वतःची शिस्त पाळली नाही तर त्याचा धाक कोणाला राहील?

बहुमताने १९६७ चा निकाल रद्द ठरविला. कायद्याने एखादी संस्था संस्थापित होणे निराळे आणि ती स्थापन होणे निराळे. कायदा झाला एवढ्यावरून स्थापक सरकार ठरत नाही. घटनेच्या आधी निघालेल्या संस्थांनाही तिसाव्या कलमाचे संरक्षण आहे. संस्था राष्ट्रीय महत्त्वाची असली म्हणून तिचे अल्पसंख्याक स्वरूप जात नाही. मग स्थापक ओळखावा कसा? मूळ कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली, पैसा व जमीन कोणी उभी केली, पुढाकार घेऊन खटपट कोणी केली, संस्था प्रामुख्याने कोणाच्या भल्यासाठी काढली, हे पाहावे. रोजचा कारभार त्याच समाजाच्या माणसांच्या हाती असलाच पाहिजे असे नाही. पण कारभाराची घडी त्या हेतूशी विसंगत नसावी.

आणि हे ठरवायचे कशावरून? न्यायालयाने सांगितले ते पुरावे पाहून आपणांस नवल वाटेल: पत्रव्यवहार, भाषणे, सभांचे ठराव, देणग्यांच्या नोंदी, सरकारशी झालेली लिखापढी. म्हणजे राज्यकर्त्यांचे कायदे आणि न्यायाधीशांची पांडित्यपूर्ण निकालपत्रे यांच्यापेक्षा शेवटी वजन पडायचे ते कुणा चिटणिसाने रात्री कंदिलाशेजारी बसून लिहिलेल्या रोजकीर्दीचे. लोकांची सत्ता आपण सभेत शोधतो, मतपेटीत शोधतो; येथे ती पावतीपुस्तकात सापडली. आपल्याकडे जुन्या संस्थांची पहिली इतिवृत्ते किती ठिकाणी शिल्लक आहेत? इमारत दुरुस्तीला काढली की कपाटातील जुनी दप्तरे रद्दीत जातात. पहिल्या सभेला कोण हजर होते, जागेचे बक्षीसपत्र कोणाच्या नावाचे, पहिला चंदा कोणी किती दिला, हे विचारायला जावे तर सांगणारा माणूस हयात नसतो. पन्नास वर्षांनी एखादे न्यायालय हाच प्रश्न आपल्या वारसांना विचारील, तेव्हा ते काय दाखविणार?

अलीगढला अल्पसंख्याक दर्जा आहे की नाही, हे सात न्यायाधीशांनी स्वतः ठरविले नाही. निकष घालून देऊन त्यांनी तो प्रश्न नियमित पीठाकडे सोपविला. त्या पीठापुढे वाचायचे आहेत ते सर सय्यद यांच्या वेळच्या समितीचे ठराव, १९११ च्या मोहिमेतील वर्गणीच्या याद्या, विद्यापीठाच्या अटींवरून सरकारशी झालेला पत्रव्यवहार, आणि ते तीस लाख रुपये कोठून कोठून आले त्याचा हिशेब.